ज्येष्ठांचा नृत्य-नाट्य वर्ग: प्रयोग करावा का, आणि कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका वृद्धनिवासात आठवड्यातून दोनदा नृत्य-नाट्याचा वर्ग घ्यायला तुम्हाला सांगितलं आहे. गटात सत्तरीपासून नव्वदीपर्यंतची माणसं आहेत. काही चाकाच्या खुर्चीत, एकांना पार्किन्सन, काहींचं विसरणं वाढलेलं. तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर कार्यक्रम व्हावा, अशी व्यवस्थापनाची इच्छा आहे. या वयात माणसांना रंगमंचावर आणलं तर त्यांची दमछाक होईल, फजिती होईल, अशी तुम्हाला धास्ती वाटते. नुसता वर्ग घेऊन भागणार नाही का, आणि या सगळ्याचा तब्येतीला खरंच काही फायदा होतो का, असं तुम्ही विचारलं आहे.

प्रयोग करा, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हातारपणी माणसाला मदत मिळते, करमणूक मिळते, गोळ्या वेळेवर मिळतात. पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, ही जाणीव हळूहळू नाहीशी होते. प्रयोग ठरला की ती परत येते. तिसऱ्या प्रवेशात पत्र घेऊन तुम्हीच यायचं आहे, तुम्ही आला नाहीत तर समोरचा पुढचं वाक्य बोलूच शकत नाही, हे एकदा पटलं की नव्वदीतली बाईसुद्धा तालमीला वेळेआधी येऊन बसते. व्यायामाच्या वर्गाला ‘आज नको वाटतंय’ म्हणून दांडी मारता येते. तालमीला तशी मारवत नाही, कारण तिथे कुणीतरी खोळंबलेलं असतं. आणि शरीराला या वयात जो काही फायदा होतो, तो बहुतेक सगळा नियमितपणातून होतो.

मात्र तीन महिन्यांची मुदत मान्य करू नका. पहिले दोन महिने फक्त वर्ग घ्या, प्रयोगाचा विषयही काढू नका. मग गटाला विचारा. ‘हो’ आलं तर तिथून पुढे चार-सहा महिने धरा. तारीख व्यवस्थापनाने लादली तर तालीम पाठांतराची शिक्षा होऊन बसते आणि तुमची धास्ती खरी ठरते.

आता फायद्याबद्दल. इथे जरा सावकाश जाते, कारण या विषयात फार मोठमोठे दावे केले जातात. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये पुढे डिमेन्शिया होण्याचं प्रमाण कमी दिसलं. शारीरिक छंदांपैकी असा संबंध फक्त नृत्याचा आढळला. ‘नाचा आणि स्मृतिभ्रंश टाळा’ ही घोषणा बऱ्याच अंशी तिथून आली. पण त्या अभ्यासात माणसांचं निरीक्षण केलं होतं, कुणाला नाचायला लावलं नव्हतं. ज्यांची बुद्धी मंदावू लागली आहे ती माणसं नाचणं आपणहून सोडतात, हेही त्यामागचं कारण असू शकतं. म्हणून कुटुंबीयांना असं वचन देऊ नका.

जर्मनीतल्या माग्डेबुर्गमध्ये ज्येष्ठांच्या एका गटाला दीड वर्ष सतत नवनव्या नृत्यरचना शिकवल्या आणि दुसऱ्या गटाकडून तेच तेच व्यायाम करून घेतले. स्मरणाशी निगडित असलेला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग दोन्ही गटांत वाढलेला दिसला, तोल मात्र नाचणाऱ्यांचाच सुधारला. गट अगदी छोटे होते, तेव्हा याचाही डंका पिटू नये. तरी मी त्यातून एक गोष्ट घेतली: पाठ झालेली रचना वर्षभर गिरवत बसायचं नाही. आली की त्यात नवी वळणं घालायची, दिशा बदलायची, जोडीदार बदलायचा.

तिसरा अभ्यास तुमच्या सर्वांत कामाचा, आणि त्याचं उत्तर आपल्या बाजूचं नाही. सिडनीतल्या २३ निवृत्तिनिवासांत ५३० जणांवर एक चाचणी झाली. २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्या निवासांत वर्षभर, आठवड्यातून दोनदा, तासभर जोडीनृत्य किंवा लोकनृत्य. पडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. उलट ज्यांचं आधी एकाहून जास्त वेळा पडणं झालं होतं, ती माणसं नृत्याच्या गटात अधिक पडली. त्यामुळे पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारा: गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात? दोनदा किंवा जास्त असेल, तर त्यांचं नृत्य आधी बसून किंवा भक्कम कठड्याला धरून, आणि तोलाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडे वेगळे. तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे नेमून दिलेले व्यायाम पडणं कमी करतात, याला चांगला पुरावा आहे. नृत्यासाठी तो अजून तितका पक्का नाही. पडणं टाळायला व्यायाम, आणि जगण्यात गोडी राहावी म्हणून नृत्य-नाट्य, अशी वाटणी मी स्वतःशी करून ठेवली आहे. दुसऱ्या गोष्टीला मी पहिलीपेक्षा कमी मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांवरच्या ३,००० हून जास्त अभ्यासांचा आढावा घेतला. एकटेपणा, उदासी, दीर्घ आजारासह जगणं, या सगळ्यांत कलेचा हातभार लागतो, असंच त्यातून पुढे आलं.

आता तालमीच्या खोलीत येऊ. खुर्च्या चाकांच्या नकोत, आणि बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. हात नसलेल्या खुर्चीत हालचाल मोकळी होते. पण ज्यांना उठताना जोर लावायला आधार लागतो त्यांना हाताचीच खुर्ची द्या. चाकाच्या खुर्चीला ब्रेक लावलाय ना, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केल्यात ना, हे रोज स्वतः बघा. सैल सपाता आणि नुसते मोजे चालणार नाहीत. बराच वेळ बसून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर जास्तच. म्हणून उठण्याआधी टाचा-चवडे हलवायचे, उठल्यावर खुर्ची धरून दोन दीर्घ श्वास घ्यायचे, मगच पाऊल टाकायचं. गिरकी घ्यायची नाही, छोट्या छोट्या पावलांनी वळायचं. मान मागे टाकून वर बघायचं नाही. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून खाली वाकून पीळ देणंही वर्ज्य. नाचताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटू लागलं की बसायचं. छातीत दुखलं, शरीराची एक बाजू लुळी वाटली, जीभ जड झाली तर वर्ग थांबवून लगेच वैद्यकीय मदत बोलवायची.

बसून केलेलं नृत्य ही उभ्याची पूर्वतयारी आहे, असं मनातसुद्धा आणू नका. बोटं, मनगट, नजर, श्वास, मानेचा एक हलका झोक एवढ्यावर अख्खी रचना उभी राहते. बुतो या जपानी आधुनिक नृत्यप्रकाराचे नर्तक काझुओ ओहनो १९०६ साली जन्मले आणि २०१० साली गेले. शरीर थकत गेलं, पाय साथ देईनासे झाले, तरी ते खुर्चीत बसून हातांनी नाचत राहिले. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला कोपऱ्यात बसवून टाळ्या वाजवायला लावणं मला सहन होत नाही. रचनेचा मध्य त्यांच्यापासून धरा, उभी माणसं त्यांच्याभोवती फिरू देत.

सूचना देताना ‘डावा-उजवा’ म्हणू नका. गटाकडे तोंड करून उभ्या राहा आणि आरशासारखी उलट बाजू स्वतः करा. संगीत चालू असताना बोलू नका. वयाबरोबर वरच्या पट्टीतला आवाज आधी ऐकू येईनासा होतो, आणि मागे संगीत असलं की श्रवणयंत्र लावणाऱ्यांना शब्द वेगळे काढणं फार अवघड जातं. आधी दाखवा, मग थांबून सांगा, मग संगीत. गाणी निवडताना त्यांच्या पंधरा ते पंचविशीच्या वयातली शोधा; त्या काळातल्या आठवणी माणसात सर्वांत घट्ट रुतलेल्या असतात. पण रोज फक्त जुनीच गाणी लावू नका. नवीन काही ऐकायचा हक्क वयाने जात नाही.

पार्किन्सन असलेल्या गृहस्थांबद्दल. या आजारात हालचाल आतून सुरू करणारी आणि तिचा ताल राखणारी यंत्रणा अडखळते, बाहेरून ठेका मिळाला की मात्र पाऊल पुष्कळदा सुटतं. चालता चालता पाय जमिनीला खिळतात तेव्हा जमिनीवरची पट्टी ओलांडायला सांगितली, किंवा तालाच्या मात्रा मोजून दिल्या, तर वाट मोकळी होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुपने २००१ साली पार्किन्सन असलेल्यांसाठी वर्ग सुरू केले. तशा पद्धतीचे वर्ग आता अनेक देशांत चालतात. तिथे येणाऱ्याला रुग्ण म्हणून नव्हे, नर्तक म्हणून शिकवतात. आधी बसून, मग आधार धरून, मग खोलीभर चालत. टँगो नृत्यावरही याच आजारासाठी अभ्यास झाले आहेत, कारण त्यात थांबणं, पुन्हा सुरू करणं, मागे पाऊल टाकणं, वळणं हे सगळं येतं, म्हणजे नेमकं जे अवघड जातं तेच. तालमीची वेळ त्यांच्या औषधाचा अंमल असतो तेव्हाची ठेवा. यात तडजोड नको. गोळी उतरलेल्या वेळी बोलावलंत तर ते स्वतःला नालायक समजून घरी बसतील.

आता नाटक. तुमची सगळ्यात मोठी भीती ‘वाक्यं विसरतील’ ही दिसते. हेल्गा आणि टोनी नॉइस या अमेरिकी दांपत्याने (ती मानसशास्त्रज्ञ, तो अभिनेता आणि दिग्दर्शक) व्यावसायिक नट संहिता कशी लक्षात ठेवतात यावर बराच काळ काम केलं. नट घोकंपट्टी कमी करतात. हे पात्र हे वाक्य का बोलतंय, त्याला समोरच्याकडून काय हवंय, हे आधी शोधतात आणि शब्द त्यामागून येतात. शिवाय हालचालीला जोडलेलं वाक्य नुसत्या बोललेल्या वाक्यापेक्षा चांगलं लक्षात राहतं. याच जोरावर त्यांनी ज्येष्ठांसाठी चार आठवड्यांचा अभिनयाचा अभ्यासक्रम बनवला, आणि तो केलेल्यांची स्मरण आणि समस्या सोडवण्याच्या चाचण्यांत सुधारणा दिसली. म्हणून तालमीत ‘पुढचं वाक्य काय?’ असं कधी विचारू नका. ‘तो निघून चाललाय, त्याला कसं थांबवाल?’ असं विचारा. उत्तर संहितेतल्या शब्दांत आलं नाही तर संहिता बदला. त्यांनी आपणहून बोललेलं वाक्य पुष्कळदा आपल्या लेखकाच्या वाक्यापेक्षा सरस असतं.

ज्यांचं विसरणं बरंच पुढे गेलं आहे त्यांच्यासाठी मार्ग वेगळा. अमेरिकेतल्या ॲन बास्टिंग यांनी १९९८ साली ‘टाइमस्लिप्स’ सुरू केलं. पद्धत साधी आहे. गटापुढे एखादं गमतीशीर चित्र ठेवायचं, ज्याला चुकीचं उत्तरच नाही असे प्रश्न विचारायचे: हिचं नाव काय असेल? ती कुठे निघालीय? वास कसला येतोय? आलेलं प्रत्येक उत्तर, अर्धवट किंवा अर्थ न लागणारंसुद्धा, जसंच्या तसं लिहून मोठ्याने वाचून दाखवायचं. हळूहळू गोष्ट उभी राहते. इथे आठवणीला हात लावलेला नाही, कल्पनेला लावलाय. ‘आठवतंय का तुम्हाला?’ हा प्रश्न विसरणाऱ्या माणसाला दरवेळी नापास करतो. मी माझ्या तालमीतून तो कायमचा हद्दपार केला आहे. पुढे बास्टिंग यांनी मिलवॉकीतल्या एका वृद्धनिवासातच, तिथल्या रहिवाशांना घेऊन, ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यातल्या, नवऱ्याची वाट पाहणाऱ्या पेनेलोपीवर नाट्यप्रयोग केला. जपानमध्ये नट आणि काळजीवाहक अशी दोन्ही कामं केलेले नाओकी सुगावारा २०१४ पासून हेच दुसऱ्या बाजूने सांगतात: डिमेन्शिया झालेला माणूस ज्या जगात आहे तिथली भूमिका आपण घ्यायची, त्याला दुरुस्त करत बसायचं नाही. आशुअभिनयाचा, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी सुचेल तसा करायच्या अभिनयाचा, पहिला धडाही हाच असतो, समोरून आलेलं स्वीकारायचं आणि त्यात भर घालायची. तुमच्या इथल्या सेविकांनाही या तालमीत घ्या. मला सर्वांत मोठे बदल दिसले ते कैकदा सेविकांच्या रोजच्या बोलण्यात.

प्रयोगाची बांधणीच अशी करा की कुणी काही विसरलं तरी काही कोसळणार नाही. क्रम कुणाही एका ज्येष्ठाच्या डोक्यावर ठेवू नका. तो सूत्रधाराकडे, म्हणजे तुमच्याकडे किंवा एखाद्या तरुण नटाकडे. प्रॉम्प्टरला विंगेत लपवू नका. त्याला वेशभूषा देऊन पात्र म्हणून रंगमंचावरच बसवा, आणि गरज पडली तर त्याने कानात न कुजबुजता उघड बोलावं. लांब संवाद पत्र, वर्तमानपत्र, वही यांतून वाचता येतील असे लिहा. दोघादोघांच्या जोड्या लावा. एकूण प्रयोग अर्ध्या-पाऊण तासाचा, मध्यंतराशिवाय, आणि शक्यतो सकाळी. विसरणाऱ्या माणसांची घालमेल पुष्कळदा दुपार कलल्यावर वाढते. सगळे नट सुरुवातीपासून रंगमंचावरच बसलेले असू देत. अंधाऱ्या विंगेतून ये-जा हा पडण्याला सरळ आमंत्रण देणारा प्रकार आहे. ब्लॅकआउट तर नकोच, कारण उजेडातून अंधारात डोळे सरावायला या वयात फार वेळ लागतो. पायऱ्या चढून जायचा रंगमंच असेल तर तो सोडून जमिनीवर करा, प्रेक्षकांना तीन बाजूंनी जवळ बसवा. आवाजही पोचतो, चेहरेही दिसतात. वस्त्रं घोट्याच्या वर, आणि स्वच्छतागृह जवळ.

विषय निवडताना ‘जुन्या आठवणी’ हा एकच खाना समोर धरू नका. त्यांना विचारा. मत्सर, भांडण, राहून गेलेलं प्रेम, मरणाची भीती, पैशाची हाव असली उत्तरं येतील, त्यांवर काम करा. त्यांना खलनायक होऊ द्या, राजा होऊ द्या. जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश यांनी १९७८ सालची आपली ‘कॉन्टाक्टहोफ’ ही रचना २००० साली वुपरटालमधल्या ६५ वर्षांपुढच्या हौशी स्त्री-पुरुषांना घेऊन पुन्हा बसवली. स्त्री-पुरुषांची ओढ, स्पर्श, अवहेलना हा त्या रचनेचा गाभा. वय झालं म्हणून बाउश यांनी तो सौम्य केला नाही. जपानी नाट्यदिग्दर्शक युकिओ निनागावा यांनी २००६ साली ५५ वर्षांपुढच्या लोकांची ‘साइतामा गोल्ड थिएटर’ उभी केली ती व्यावसायिक रंगभूमीच्या कसाला उतरण्यासाठी. लंडनच्या सॅडलर्स वेल्स या नृत्याच्या नाट्यगृहातली ‘कंपनी ऑफ एल्डर्स’ १९८९ पासून साठीपुढच्यांना घेऊन नामवंत नृत्यरचनाकारांची कामं सादर करते. तुमचा गट हौशी आहे, शिवाय काही जण आजारी आहेत, हे मला मान्य आहे. तरीही अपेक्षा ठेवा. वाक्य नीट पडलं नाही तर ‘छान छान’ म्हणू नका. ‘पुन्हा करू, या वेळी तिच्याकडे बघून’ म्हणा. खोटी शाबासकी या माणसांना लगेच कळते, कारण ती त्यांना दिवसभर मिळत असते.

त्याच कारणाने सरसकट ‘आजी’, ‘आजोबा’ म्हणू नका. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल ते पहिल्या दिवशी विचारा. बालवाडीतल्या बडबडगीतांचे हावभाव करून घेऊ नका. प्रेक्षकांतून ‘किती गोड!’ असा सूर निघाला तर तो नटांचा दोष नसतो, आपण त्यांना काय करायला दिलं याचा असतो. फोटो आणि चित्रफितीची परवानगी त्या माणसाकडूनच घ्या, नुसती मुलांकडून नको. आणि विसरणाऱ्या माणसाला दर वेळी पुन्हा विचारा.

काही जण रंगमंचावर यायला नकार देतील. आग्रह नको. संगीत लावणं, वस्तू हातात देणं, संहिता सांभाळणं, दाराशी प्रेक्षकांचं स्वागत करणं ही सगळी खरी कामं आहेत, त्यांची नावं पत्रिकेत द्या. महत्त्वाच्या भूमिकेला दुसरा माणूस आधीपासून तयार ठेवा, कारण सहा महिन्यांत कुणी रुग्णालयात जाईल, कदाचित कुणी जाईलही कायमचं. तसं झालं तर तालमीत गप्प राहून पुढे रेटू नका. त्या दिवशी वर्तुळात बसून त्या माणसाबद्दल बोला, आणि ती भूमिका कुणाला द्यायची की काढून टाकायची हे गटालाच ठरवू द्या. ही माणसं मरणाच्या गोष्टी आपल्यापेक्षा सहज बोलतात.

शेवटचं, जे आयोजक बहुतेक विसरतात. प्रयोग झाल्यावर आठवडाभर जी पोकळी येते ती तरुण नटालाही जड जाते. ज्याच्या वेळापत्रकात दुसरं काहीच नाही त्याला ती आजारी पाडू शकते. म्हणून प्रयोगाच्या आधीच पुढच्या वर्गाची तारीख जाहीर करा, ती दोन-तीन दिवसांच्या आतली असू द्या, आणि त्या दिवशी काय कुठे जमलं, काय राहिलं, पुढे कशावर काम करायचं, याची चर्चा ठेवा. जमलं तर तोच प्रयोग महिन्याभरात दुसऱ्या प्रेक्षकांपुढे पुन्हा करा. पहिल्या प्रयोगात ते तुमच्याकडे बघून करतील, दुसऱ्यात एकमेकांकडे बघून.